चौथीआधीची उजळणी: चुकलेलं उत्तर आधी वाचा

प्रश्न इंदूरच्या एका आईचा आहे. मुलगी तिसरी पास होऊन चौथीत गेली. शाळा इंग्रजी माध्यमाची, शिकवणीच्या मॅडम हिंदीत समजावतात आणि घरी आजी मराठीतून पाढे म्हणून घेतात. साधी बेरीज येते, पण वजाबाकीत मधे शून्य आलं की गोंधळ होतो. सातचा पाढा घडाघडा म्हणते, पण ‘सात सक किती?’ असं मधूनच विचारलं की पहिल्यापासून सुरू करते. मे महिन्याच्या सुट्टीत पहिलीपासून सगळं परत घ्यावं का, आणि कोणत्या भाषेत घ्यावं?

पहिलीपासून सगळं घेऊ नका. जे येतं तेच पुन्हा करायला लावलं की मूल कंटाळतं, आणि जे येत नाही तिथे पोचेपर्यंत सुट्टी संपते. आधी एका संध्याकाळी छोटी चाचणी घ्या. कोरा कागद आणि पेन द्या, पेन्सिल नको आणि खोडरबर तर अजिबात नको. खोडलेली चूक आपल्याला दिसत नाही, आणि आपल्याला चूकच बघायची आहे. मदत करू नका, ‘नीट बघ’ असंही म्हणू नका. किती मार्क पडले याला महत्त्व नाही. चुकलेल्या उत्तरात कोणते अंक आले आहेत ते बघा. प्राथमिक गणितात मुलं अंदाधुंद फार कमी चुकतात. त्यांचा एक नियम असतो, फक्त तो चुकीचा असतो.

चाचणीत एवढंच ठेवा: दहा संख्या ऐकून लिहायच्या (३९, ५९, ६७, ७६, ७९, ८९, ४०७, ६१३, १०१०, ३०५०), चार तोंडी बेरजा (८+७, ६+९, ७+५, ९+४), मग ४६+३८, ५२−३७, ५०३−२८७, २७×६, ४५×२३ आणि ६१८÷६. तोंडी बेरजांच्या वेळी तिच्या बोटांकडे आणि ओठांकडे लक्ष ठेवा. तीन सेकंदांत उत्तर आलं तर ते पाठ आहे. त्याहून जास्त वेळ लागला तर ती मोजते आहे, मग उत्तर बरोबर का असेना.

आता वजाबाकी, कारण तुमची मुख्य तक्रार तिथे आहे. ५०३−२८७ चं बरोबर उत्तर २१६. ३८४ आलं, तर ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे, वर कोणता आणि खाली कोणता हे बघतच नाही. या मुलीला हातचा शिकवून उपयोग नाही. ‘वरच्या ढिगातून खालचा काढायचा’ हेच तिला अजून पटलेलं नाही. २२६ आलं, तर तिने पाचशेतला एक शंभर मोडला, दशकाच्या घरात दहा आणले, पण त्यातला एक दशक एककाला दिल्यावर तिथे नऊ उरतात हे विसरली. ३१६ आलं, तर उलटं झालं आहे: शून्याचे नऊ केले, कारण वर्गात तसं करताना पाहिलं आहे, पण ते नऊ कुठून आले ते माहीत नाही, म्हणून शंभरातून काही कमी केलंच नाही. तीन उत्तरं, तीन वेगळे आजार. तिन्हींवर ‘रोज वीस वजाबाक्या सोडव’ हा एकच काढा पाजला तर चुकीचा नियमच पक्का होतो.

५२−३७ चं उत्तर ५ आलं तर मात्र एकदा आजींना विचारा की त्या वजाबाकी कशी करतात. जुन्या शाळांतून शिकलेल्या पुष्कळ लोकांची पद्धत अशी: वरच्या एककाला दहा दिले की खालच्या दशकात एक वाढवायचा. वरचा पाच पाचच राहतो, खालच्या तीनचे चार होतात, उत्तर १५. शाळेत शिकवतात ती पद्धत दुसरी: वरच्या पाचातला एक मोडून चार करायचे, खालचे तीन तसेच. दोन्ही बरोबर आहेत. पण मुलीने दोन्ही एकदम केल्या, म्हणजे वर चार केले आणि खालीही चार केले, की दशकात शून्य उरतो. अशा घरात भांडण गणिताशी नसतं, दोन पद्धतींचं आपसात असतं. सध्या शाळेची पद्धत चालू ठेवा, आजींची पाचवीनंतर गंमत म्हणून दाखवता येईल. शब्दांचंही तेच. मराठीत आपण बेरजेतही हातचा म्हणतो आणि वजाबाकीतही. शिकवणीत बेरजेला ‘हासिल’ आणि वजाबाकीला ‘उधार’ असतं, शाळेत ‘कॅरी’ आणि ‘बॉरो’. घरी ‘हातचा घे’ म्हटल्यावर मुलीला बेरजेतला हातचा आठवला तर दोष तिचा नाही. वजाबाकीत ‘हातचा’ हा शब्द काही दिवस बाजूला ठेवा आणि ‘शंभर मोडला’, ‘दहा मोडला’ असं म्हणा. नेमकं जे घडतं तेच शब्दात येतं.

मोडण्यासाठी नोटा घ्या. खेळण्यातल्या चालतील, किंवा कागदाचे तुकडे कापून त्यावर १, १०, १०० लिहा. शंभराच्या पाच, दहाची एकही नाही आणि एकच्या तीन अशी मांडणी करा. यातून २८७ द्यायचे आहेत. सात एक द्यायला तीनच आहेत, दहाची नोट नाही, म्हणून आधी शंभर मोडायला हवा. एक शंभर देऊन दहाच्या दहा नोटा घ्या, त्यातली एक देऊन एकच्या दहा घ्या. आता समोर काय आहे? चार शंभर, नऊ दहा, तेरा एक. ते नऊ तिने स्वतःच्या बोटांनी मोजले पाहिजेत. नोटांनी पाच-सहा उदाहरणं झाली की प्रत्येक मोडीनंतर कागदावर वरच्या ओळीत तोच बदल लिहायला लावा, नोटा आणि पेन शेजारी शेजारी. इथे घाई होते: दोन दिवस नोटा आणि तिसऱ्या दिवशी थेट वही. मधले दोन-तीन दिवस दोन्ही एकत्र चालले नाहीत तर नोटांचा खेळ वेगळा राहतो आणि वहीतली चूक वेगळी. ५०३, ७००, ६०४, १००० अशी शून्यवाली उदाहरणंच निवडा, सोपी नकोत. उत्तर तपासायला दुकानदाराचा हिशेब वापरा: २८७ ला ३ मिळवले की २९०, १० मिळवले की ३००, मग ५०३ पर्यंत २०३. एकूण २१६. हा हिशेब तोंडी जमला की वहीतलं ३८४ तिला स्वतःलाच खटकेल.

आता संख्या ऐकून लिहिण्याकडे वळू. तुमच्या घरी तीन भाषा आहेत, त्यामुळे हा भाग सावकाश घ्यायला हवा. पहिल्या दिवशी चाचणीतल्या त्या दहा संख्या इंग्रजीत सांगा. दुसऱ्या दिवशी त्याच मराठीत सांगा, उलटसुलट क्रमाने. इंग्रजीत बरोबर आणि मराठीत चूक असेल तर तिला स्थानिक किंमत येते, मराठी संख्यानामं येत नाहीत, आणि ही गणिताची अडचण नव्हे. दोन्हीकडे चुकलं तर मात्र गणिताची आहे. हा फरक न करता पालक मुलीला ‘कच्ची’ ठरवून टाकतात.

मराठी-हिंदी संख्यानामांच्या खोड्या ठरलेल्या आहेत. ‘सदुसष्ट’ म्हणताना सात आधी येतो, लिहिताना सहा आधी. म्हणून ६७ ऐवजी ७६. इंग्रजीत ‘सिक्स्टी-सेव्हन’ लिहिण्याच्याच क्रमाने ऐकू येतं, पण तिथे ‘सेव्हन्टीन’ आणि ‘सेव्हन्टी’ यांची गल्लत होते. दुसरी खोडी नवाच्या उभ्या रांगेत. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ म्हणजे पुढच्या दशकाहून एक कमी. मूल ‘साठ’ ऐकतं आणि ६९ लिहितं. मराठीत ही रांग एकोणनव्वदपर्यंत सरळ जाते आणि फक्त नव्याण्णवला मोडते. हिंदीत मात्र ७९ पर्यंत ‘उन’ चालतं (उनसठ, उनहत्तर, उनासी) आणि ८९ ला एकदम ‘नवासी’ येतं. मॅडमनी ‘नवासी’ म्हटलं आणि कानाला घरचा ‘एकोण...’ सापडला नाही की मूल ७९ लिहून मोकळं होतं. ‘पचास’ आणि ‘पचासी’ ही तशीच जोडी: ५० आणि ८५.

यावर इलाज शंभरच्या तक्त्याचा. १ ते १०० दहा-दहाच्या रांगांत लिहा, नवाची रांग रंगवा, आणि एकोणसाठ म्हणताना बोट आधी ६० वर ठेवून एक घर मागे यायला लावा. रोज पाच संख्या, आठ दिवस. सत्तर-ऐंशीतली नामं (त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, शहात्तर, शहाऐंशी) मराठी घरातल्या मुलांनाही जड जातात. इंग्रजी माध्यमाच्या मुलीला ती चौथीच्या गणितासाठी अडवून धरू नका. २०१९ मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता. भाषेचा वाद भाषेच्या जागी, पण आठ-दहा दिवसांची पायरी म्हणून ‘सत्तर सहा, म्हणजे शहात्तर’ असं म्हणून घ्यायला हरकत नाही. पायरीवर मुक्काम करायचा नाही, एवढंच.

आजींकडे जुनी अंकलिपी असेल तर एक गोष्ट बघून घ्या. देवनागरीतला ४ इंग्रजी आठासारखा दिसतो आणि देवनागरी १ इंग्रजी नवासारखा. मुलगी शाळेत फक्त इंग्रजी अंक बघते. अंकलिपीवरून पाढे वाचताना ती १४ चं भलतंच वाचू शकते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. पाढ्यांचा तक्ता शाळेच्याच अंकांत लिहून भिंतीवर लावा.

४०७ चं ४००७ होणं वेगळं. तिने ‘चारशे’ ऐकून ४०० लिहिलं आणि पुढे सात जोडला. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा: ४०० ची तीन घरांची, ७ ची एका घराची. सातची पट्टी चारशेच्या शेवटच्या शून्यावर ठेवली की ४०७ दिसतं आणि शून्य खाली झाकला जातो. ३००० आणि ५०, तसंच १००० आणि १० च्या पट्ट्या केल्या की ३०५० आणि १०१० सुद्धा याच रीतीने सुटतात. एका बैठकीचं काम आहे. किती पुढे जायचं याचं माप हवं असेल तर जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ कार्यक्रमात तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणं अपेक्षित आहे. चार अंकी संख्या सहज लिहिता येऊ लागल्या की हा भाग थांबवा.

तोंडी बेरजांना फार वेळ लागत नाही, पण त्या टाळू नका. हातच्याची बेरीज आणि वजाबाकी याच बेरजांवर उभी असते. १ ते ९ मधल्या दोन अंकांच्या, दहाच्या पुढे जाणाऱ्या बेरजा मोजल्या तर फक्त २० भरतात, ८+७ आणि ७+८ एकच धरून. आधी दहाच्या जोड्या पक्क्या करा (१-९, २-८, ३-७, ४-६, ५-५). मग ८+७ मध्ये आठाला दोन द्या, सातातले पाच उरतात, पंधरा. दोन रंगांच्या दहा-दहा मण्यांची माळ असेल तर हे डोळ्यांना दिसतं. १३−७ सुद्धा असंच: सातापासून दहापर्यंत तीन, वरचे तीन, सहा. बोटं वापरली तर रागावू नका. दहाची जोडी आली की बोटं आपोआप सुटतात.

पाढ्यांचं दुखणं तुम्ही प्रश्नातच सांगितलं आहे. पाढा तिच्याकडे गाण्यासारखा आहे, आणि गाण्याचं मधलं कडवं आठवायला सुरुवातीपासूनच म्हणावं लागतं. म्हणून रोज वीसपर्यंतचे पाढे ओळीने म्हणून घेण्यात फार फायदा नाही. ११ ते २० सध्या बाजूला ठेवा. १ ते १० च्या गुणाकारांत उलटसुलट एकच धरलं तर ५५ जोड्या होतात. त्यातून १, २, ५ आणि १० चे काढले की २१ उरतात. त्यातले ९ चे वेगळे करा: त्यांना खूण आहे, दशकात एक कमी आणि दोन्ही अंकांची बेरीज नऊ (९×७ मध्ये सहा, मग तीन, ६३). ३ आणि ४ चे बहुतेक मुलांना येतात. खरा डोंगर सहाच आकड्यांचा राहतो: ६×६=३६, ६×७=४२, ६×८=४८, ७×७=४९, ७×८=५६, ८×८=६४. सगळं घोडं इथेच अडतं. ५६ साठी पाच-सहा-सात-आठ ही ओळ लक्षात ठेवायला सोपी. बाकीच्यांना पाचाचा आधार द्या: सात पाचा पस्तीस, त्यात आणखी एक सात, बेचाळीस.

भाषेचं उत्तर इथे द्यायला हवं. पाठ केलेलं ज्या भाषेत पाठ झालं त्याच भाषेत पटकन आठवतं. पाढ्यांची भाषा एकच ठेवा, आणि जी अर्धी झाली आहे तीच ठेवा. आजींकडून मराठी चालू आहे, तर मराठीच. ‘सात सक बेचाळीस’ आटोपशीर आहे, जिभेवर बसतं. ‘सात छक्के बयालीस’ही तितकंच चांगलं, पण दोन्ही एकदम नकोत. इंदुरी घरांत ‘सात सक’ म्हणून झाल्यावर उत्तर ‘फॉर्टी टू’ येतं. त्याने ठेका मोडतो आणि दोन्ही अर्धवट राहतात. शाळेत इंग्रजीत विचारलं तर ती मनात मराठीत म्हणेल आणि अंकात लिहील. यात काही बिघडत नाही. म्हणून तोंडी उत्तर मराठीत घेतल्यावर रोज दोन-तीनदा तेच अंकातही लिहून घ्या. शिकवणीच्या मॅडमना मात्र हे आधी सांगून ठेवा.

२१ जोड्यांची २१ कार्डं करा, पुढे ७×६, मागे ४२. रोज जास्तीत जास्त तीन नवी. तीन डबे ठेवा: पहिल्यातली रोज, दुसऱ्यातली एक दिवसाआड, तिसऱ्यातली आठवड्यातून एकदा. तीन सेकंदांत बरोबर आलं की कार्ड पुढच्या डब्यात, अडलं की परत पहिल्यात. कधी कधी मागची बाजू दाखवून विचारा: ४२ कोणाचे? भागाकारासाठी हेच लागतं.

गुणाकार-भागाकाराच्या मांडणीतही चूक वाचा. २७×६ चं १२२ म्हणजे हातचा विसरला. १२४२ म्हणजे ४२ पूर्ण लिहून पुढे गेली. ३६२ म्हणजे हातचा चार दोनात आधी मिळवून मग सहाने गुणलं. ४५×२३ चं २२५ आलं तर दुसऱ्या ओळीतला शून्य गेला. तिला ४५×२० वेगळं करून ९०० लिहू द्या, शून्य ‘ठेवायचा’ म्हणून पाठ करवू नका. ६१८÷६ चं १३ हे फार नेहमीचं: दशकातल्या एकात सहा बसत नाहीत, तिथे शून्य लिहायचा राहतो. आधी अंदाज विचारा, ६०० भागिले ६ किती? शंभर. मग तेरा कसं येईल? हा प्रश्न तिनेच स्वतःला विचारला पाहिजे. चौथीत पुढे याचा फार उपयोग होतो.

शाब्दिक उदाहरणं पुस्तकातून आणायची गरज नाही. शेवेच्या दुकानात पाव किलो, दीड पाव, पाऊण किलो हे शब्द कानावर पडतातच. दीड पाव म्हणजे ३७५ ग्रॅम, हे नोटांसारखंच मांडून दाखवा. सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे हे शब्दही आजींनी वापरावेत. पुढे अपूर्णांक येतात तेव्हा हे कामाला येतं.

वेळ रोज वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. पहिली पाच मिनिटं तोंडी आणि कार्डं, दहा मिनिटं फक्त एकच विषय (पहिले दोन आठवडे वजाबाकी, मग एक आठवडा संख्यालेखन, मग गुणाकार, शेवटी भागाकार), शेवटची पाच मिनिटं मागच्या विषयांतली तीन उदाहरणं मिसळून. ही मिसळ सोडू नका. एकाच प्रकारची वीस उदाहरणं सलग दिली की मूल न वाचताच पद्धत लावतं आणि उत्तरं बरोबर येतात. परीक्षेत सगळं मिसळून आल्यावर मग घोटाळा होतो. सकाळी पोह्यांनंतरची वेळ बरी, दुपारच्या उन्हात झोपेच्या डोळ्यांनी काही होत नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पहिलीच चाचणी अंक बदलून पुन्हा घ्या: ५०३−२८७ ऐवजी ७०४−३५८, उत्तर ३४६. चाचणीचे दोन्ही कागद तारीख टाकून जपून ठेवा. सहा आठवड्यांनंतरही ६७ आणि ७६ इंग्रजीतही उलटत असतील, किंवा दहाच्या जोड्या रोज घेऊनही दुसऱ्या दिवशी पुसल्यासारख्या होत असतील, तर हे कागद घेऊन आधी वर्गशिक्षिकेला भेटा आणि एकदा नजर व कान तपासून घ्या.